उचल देणाऱ्याचं काय?

दोन वर्षांपूर्वी माझ्या काकांचे नऊ लाख बुडाले. काका मंगळवेढा तालुक्यातले, एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, कारखान्याशी ऊसवाहतुकीचा करार. करार म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी तुम्हीच आणायची, त्यासाठी मुकादमाला (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, तुम्हीच द्यायचे, कारखाना थोडेफार ॲडव्हान्स देणार, बाकीचे बँकेतनं नाहीतर कुणाच्या तरी हातापाया पडून उभे करायचे. आठ कोयते यायचे होते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, शहरातल्या लोकांसाठी सांगून ठेवतो). दिवाळी झाली, गव्हाण पूजन झालं, मोळी पडली, म्हणजे कारखाना सुरू झाला, आणि मुकादम फोन उचलेना. नंतर कळलं की पठ्ठ्यानं कर्नाटकातल्या एका गाडीवाल्याकडनंपण उचल घेतलेली आणि अख्खी टोळी घेऊन तिकडं गेलेला.

आमच्या जिल्ह्यात ह्यात नवीन काही नाही, प्रत्येक गावात असे दोन-चार सापडतात. मला खटकलं ते दुसरंच. काकांना हा माणूस चांगला माहीत होता. आदल्या सीझनला त्यानं फडातच एका पोराला उसाच्या कांड्यानं एवढं मारलेलं की तो पोरगा दोन दिवस कोपीतनं (झोपडीतनं) उठला नव्हता, आणि काका तिथं बांधावर उभे होते. मी विचारलं, काका तेव्हाच का नाही सोडला हा माणूस. काका म्हणले, "अरे ती त्यांची आतली भानगड. आपल्याला ऊस तुटल्याशी मतलब. आणि खरं सांगू का, मुकादम असा कडक असला की टोळी पळत नाही."

शेवटचं वाक्य परत वाचा. त्याचा मारकुटेपणा काकांना माहीत होता आणि तरी त्यांनी पैसे दिले, असं नाही. मारकुटेपणा हा त्यांना गुणच वाटलेला. मुकादम आपल्यालाच टांग देईल हे तेवढं डोक्यात आलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सुदानच्या दारफुर भागातल्या अल-फाशेर शहरातल्या कत्तलीचे व्हिडिओ मोबाईलवर यायला लागले तेव्हा मला काकांचं हेच बोलणं आठवलं. सोलापूरच्या पार्क चौकात चहाला उभे होतो, मी मित्राला दाखवायला गेलो तर तो म्हणला, "काय बोलूलालास बे, सुदान कुठं, आपण कुठं." बरोबर आहे, लांब आहे. पण एप्रिल २०२३ ला तिकडं लढाई सुरू झाली तेव्हा ह्याच अल-फाशेरमध्ये कर्नाटकातले हक्की-पिक्की समाजाचे लोक अडकले होते, जडीबुटीची औषधं-तेलं विकायला गेलेले, आणि ऑपरेशन कावेरीत सरकारनं सुदानमधनं साडेतीन हजारांच्या वर भारतीय बाहेर काढले. एवढं काही लांब नाही म्हणजे.

तर तिथं झालं काय, थोडक्यात सांगतो. २००३ पासून दारफुरमध्ये सुदान सरकारनं जंजावीद नावाच्या घोडे-उंटवाल्या टोळ्या गावांवर सोडल्या. गावं जाळली, बायकांवर अत्याचार, विहिरींत मढी. ह्याच टोळ्यांना २०१३ मध्ये युनिफॉर्म, गाड्या आणि नवीन नाव मिळालं, रॅपिड सपोर्ट फोर्सेस, आरएसएफ. म्होरक्या हेमेदती. पुढं येमेनच्या युद्धात लढायला आखाती देशांनी हेच लोक भाड्यानं नेले. म्हणजे ज्यांचा इतिहास सगळ्या जगाला पाठ आहे असे लोक, आणि त्यांना पैसे मिळतायत, सोन्याच्या खाणी मिळतायत, हत्यारं मिळतायत. हत्यारं संयुक्त अरब अमिरातीतनं येतात ह्या आरोपांना दम आहे असं यूएनच्या तज्ज्ञांनी लिहिलं, अमिरातीनं साफ नाकारलं आणि आजही नाकारते. सुदान २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तर कोर्टानं मे महिन्यात केस यादीतनं काढूनच टाकली, कारण नरसंहारविरोधी करारावर सही करतानाच अमिरातीनं कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य नसल्याची अट टाकून ठेवलेली. पुरावा खरा का खोटा इथपर्यंत गाडी गेलीच नाही. काकांच्या करारातपण असंच एक बारीक अक्षरातलं कलम आहे, टोळीच्या वादाशी कारखान्याचा संबंध नाही.

आणि तारखा बघा. ६ ऑक्टोबर २०२५ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं जंजावीदच्या एका नेत्याला वीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवलं. २६ ऑक्टोबरला त्याच टोळीच्या वारसांनी, म्हणजे २०२३ पासून सुदानच्या लष्कराशीच लढणाऱ्या आरएसएफनं, दीड वर्षाच्या वेढ्यानंतर अल-फाशेर घेतलं. मधे वीस दिवस. तिथल्या प्रसूती हॉस्पिटलमध्ये साडेचारशेच्या वर पेशंट आणि नातेवाईक मारले गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं.

ह्या विषयावर टीव्हीवर जे बसतात ते कायम एकच सांगतात, सापाला दूध पाजलं तर तो आपल्यालाच चावतो. खरं आहे, पण मला हे अर्धवट वाटतं. कारण ह्यात काळजी फक्त दूध पाजणाऱ्याची. साप नाहीच परतला, पाजणारा सुखरूप राहिला, तर मग सगळं ठीक का? पाजणाऱ्याला चावायच्या आधी तो गावात किती जणांना चावला त्याचा हिशोब कोण ठेवणार?

माझं म्हणणं असं आहे की बाहेरचा पैसा टोळीला बिघडवतो, आणि आधीच बिघडलेली असेल तर मोकाट सोडतो. हत्यारबंद माणसाला जगायला भाकरी लागते, लपायला घर लागतं, वाट दाखवायला माणूस लागतो. हे गावानं द्यायचं असेल तर गावाशी थोडंतरी बरं वागावं लागतं. शिवाजी महाराजांचं १६७३ चं चिपळूणकडच्या लष्कराला लिहिलेलं पत्र आपण शाळेत ऐकलेलं असतं, त्यात महाराजांना काळजी कसली आहे तर घोड्यांची वैरण आत्ताच संपवली तर पावसाळ्यात मिळणार नाही, मग तुम्ही कुणब्याच्या घरात घुसाल, दाणे आणाल, भाजी आणाल, आणि लोक म्हणतील ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. ह्यात नीती आहेच, पण रोकडा व्यवहारपण आहे. रयत गेली की राज्य गेलं, हे त्या माणसाला कळत होतं कारण त्याला दुसरीकडनं कुणी रसद पाठवणार नव्हतं.

ज्याला दाणागोटा, डिझेल, काडतूस, पगार सगळं विमानानं येतं त्याला रयतेची गरज काय? तो गावाकडं बघतो ते लूट म्हणून नाहीतर अडचण म्हणून.

आपल्याच इतिहासात उलटं उदाहरण आहे, पेंढारी. शिंदे-होळकरांच्या फौजेबरोबर फिरायचे, पगार नाही, लुटीवर पोट. शत्रूच्या मुलखात सोडायचे आणि जबाबदारी घ्यायची नाही. व्हायचं तेच झालं, पेंढाऱ्यांना मुलूख कुणाचा ह्याच्याशी घेणंदेणं राहिलं नाही. इंग्रजांनी १८१७-१८ ला त्यांच्यावर मोहीम काढली आणि त्याच धामधुमीत मराठेशाहीपण गिळली. आणि त्यातला सगळ्यात तगडा, होळकरांचा अमीरखान? त्याला इंग्रजांनी १८१७ मध्येच टोंकचा नवाब करून टाकला. जास्त गावं जाळली की गादी मिळते, हा धडा तेव्हापासून सगळ्यांना पाठ आहे.

अफगाणिस्तानचं बघा. १९७९ च्या डिसेंबरात रशियन फौजा घुसल्या, अमेरिकेचा आणि सौदीचा पैसा पाकिस्तानच्या आयएसआयच्या हातनं मुजाहिदीनला जायला लागला. सात पक्ष होते, पण सगळ्यात मोठा वाटा गुलबुद्दीन हिकमतयारला. का? आत अफगाणिस्तानात त्याला फार लोक मानत होते म्हणून? नाही, मानत नव्हते म्हणून. स्वतःचा जनाधार कमी, म्हणजे पाकिस्तानच्या मुठीत राहणार हा हिशोब. तो दुसऱ्या मुजाहिदीन गटांचीच माणसं मारतो हे तेव्हाही माहीत होतं. "कडक मुकादम." रशियन गेले, १९९२ ला काबूलमधलं कम्युनिस्ट सरकार पडलं आणि ह्या माणसानं काबूलवर रॉकेटं डागायला सुरवात केली, काही काळ तर कागदोपत्री तोच पंतप्रधान आणि त्याचीच रॉकेटं राजधानीवर. हजारो माणसं मेली. सोव्हिएत काळात जेवढं उभं होतं ते काबूल मुजाहिदीननी आपसात पाडलं. अमेरिकेनं दिलेली स्टिंगर मिसाईल भलत्याच हातात जाऊ नयेत म्हणून नंतर अमेरिकेलाच पैसे मोजून ती परत विकत घ्यायला लागली. २००३ मध्ये त्याच हिकमतयारला अमेरिकेनं दहशतवादी जाहीर केलं, आणि २०१७ ला तो समझोता करून काबूलमध्ये वाजतगाजत परत आला. कुठलंच कोर्ट नाही, काही नाही.

आता कुणीतरी म्हणणार की हे अमेरिका-पाकिस्तानचे धंदे, आपण तसले नाही. थांबा जरा. १९८३ च्या जुलैत श्रीलंकेत तमिळांच्या कत्तली झाल्या, आपल्याकडं संताप होता, तो बरोबरच होता, आणि त्यातनं भारतानं तमिळ गटांना ट्रेनिंग आणि हत्यारं दिली. एका नाही, चार-पाच गटांना. १९८६ मध्ये त्यातल्या एलटीटीईनं टेलो ह्या दुसऱ्या गटाची शेकडो पोरं मारली, तीपण तमिळच, तीपण आपल्याकडंच शिकलेली. तेव्हाच कळायला पाहिजे होतं की हा गट तमिळांसाठी लढतोय का तमिळांवर राज्य करण्यासाठी. १९८७ ला करार झाला, शांतिसेना गेली, आणि ऑक्टोबरपासून आपलेच जवान आपणच शिकवलेल्या पोरांशी लढायला लागले. साधारण बाराशे जवान गेले. आणि मुकादमानं दुसऱ्या गाडीवाल्याकडनं उचल घ्यावी तशी गंमत पुढंच आहे, १९८९ मध्ये श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासांनी भारतीय फौज घालवायला एलटीटीईलाच हत्यारं दिली! ज्यांच्याशी त्यांचं स्वतःचं युद्ध होतं त्यांना. मार्च १९९० ला आपण परत आलो. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी गेले. १ मे १९९३ ला कोलंबोत प्रेमदासा गेले. मारणारे एकच. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू झालं त्या जाफन्यातल्या आयांची पोरं शाळेतनं उचलून सायनाइडची कुपी गळ्यात बांधून लढायला उभी केली, ती २००९ पर्यंत.

मग १९७१ चं काय, हा प्रश्न येतोच, आणि यायलाच पाहिजे. मी १९७१ च्या बाजूनं आहे. पण ते यशस्वी का झालं ते बघा ना. १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या जवळजवळ सगळ्या जागा अवामी लीगनं जिंकलेल्या, म्हणजे मुक्ती वाहिनीच्या मागं लोकांनी मतं देऊन निवडलेलं सरकार होतं. शेवटी आपलं सैन्य स्वतः उतरलं, युनिफॉर्ममध्ये, जबाबदारी घेऊन, तेरा दिवसांत शरणागती, आणि मार्च १९७२ मध्ये परत. छुपी उचल देऊन वर्षानुवर्षं टोळ्या पोसल्या नाहीत. तरीसुद्धा शरणागतीनंतर ढाक्यात मुक्ती वाहिनीतल्या लोकांनी परदेशी फोटोग्राफरसमोर बांधलेल्या कैद्यांना संगिनी खुपसून मारलं, बिहारी मुसलमानांच्या वस्त्यांवर सूड उगवला गेला, हे झालंच. एवढं न्याय्य युद्ध, तिथंही हे झालं. मग जिथं निवडून आलेलं कुणी नाही आणि टोळीचा इतिहासच रक्ताचा, तिथं काय होणार?

१९७१ मध्ये पाकिस्तानी लष्करानं तिथं जी स्थानिक टोळी उभी केली तिचं नाव रझाकार. आम्हा सोलापूरकरांना हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. माझी आजी नळदुर्गच्या अलीकडच्या एका खेड्यातली, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या हद्दीतली. ती सांगायची, रझाकार येतायत म्हणलं की तिची आई पाटल्या ज्वारीच्या कणगीत खाली ढकलायची आणि पोरींना रात्रीच बैलगाडीत कडब्याखाली झोपवून सोलापूरकडं काढायची. हद्द ओलांडली की गाडीवान बिडी पेटवायचा, तो वास आला की आजीला कळायचं आता बोललं तरी चालतं. शेवटपर्यंत तिला बिडीचा वास आवडायचा, घरातले सगळे हसायचे.

रझाकार म्हणजे मूळ शब्द स्वयंसेवक. लातूरचा वकील कासीम रझवी त्यांचा पुढारी. निजाम म्हणायचा माझा ह्यांच्यावर ताबा नाही, आणि त्याच वेळी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून हैदराबाद संस्थानात हत्यारं उतरवत होता. ताबा नाही आणि हत्यारं मात्र येतायत, हे कॉम्बिनेशन कुठं दिसलं की समजून जायचं. रझाकारांनी फक्त हिंदूंना त्रास दिला असंपण नाही, भारतात विलीन व्हा असं लिहिणाऱ्या शोएबउल्ला खान ह्या मुसलमान संपादकाला ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी मारलं. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्यानं आत गेल्या, पाच दिवसांत निजामानं हात टेकले.

इथपर्यंतची गोष्ट आमच्याकडं सगळे सांगतात. पुढची सांगत नाहीत. रझाकार पळाले, लपले, रझवी पकडला गेला आणि मग ज्यांनी कधी काठीपण उचलली नव्हती अशा मुसलमान वस्त्यांवर सूड निघाला. भारत सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मराठवाड्यात फिरून अहवाल दिला, सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असा त्यांचा अंदाज, आणि तो अहवाल कितीतरी वर्षं दाबून ठेवला. उस्मानाबाद, लातूर, म्हणजे आमच्या शेजारचीच गावं. टोळी पोसणारा निजाम पुढं राजप्रमुख (राज्यपालासारखं पद) झाला, रझवी तुरुंगातनं सुटून पाकिस्तानला गेला. बिल भरलं कुणी तर गल्लीतल्या शिंप्यानं आणि पिंजाऱ्यानं.

कायदा काय म्हणतो तर कायदा चाचपडतोय. अमेरिकेनं निकाराग्वात काँट्रा बंडखोरांना पैसे आणि ट्रेनिंग दिलं, १९८६ मध्ये हेगच्या कोर्टानं सांगितलं की हे बेकायदा आहे, पण काँट्रांनी केलेले खून-अत्याचार अमेरिकेच्या नावावर टाकता येणार नाहीत कारण त्यांच्यावर तिचा प्रत्यक्ष ताबा सिद्ध होत नाही. म्हणजे उचल दिली ही चूक, पण फडात मारलं ते मुकादमाचं. एका ठिकाणी चित्र थोडं बदललं, लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर. शेजारच्या सिएरा लिओनमध्ये माणसांचे हात तोडणाऱ्या टोळीला त्यानं हत्यारं पुरवली, बदल्यात हिरे घेतले, २०१२ ला त्याला पन्नास वर्षांची शिक्षा झाली. पण तो छोट्या देशाचा आणि तेव्हा पदावरनं उतरलेला. मोठ्यांतला कुणी त्या पिंजऱ्यात दिसला का?

मग लोक म्हणतात तपासून द्या, चांगल्या टोळ्या निवडा. अमेरिकेनं सीरियात हेपण करून बघितलं. पन्नास कोटी डॉलरचा प्रोग्रॅम, एकेकाची कसून चौकशी, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांच्याच जनरलला सिनेटसमोर सांगावं लागलं की प्रत्यक्ष लढतायत ते चार की पाच जण. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. खरंच तपासलं तर चार-पाचच उरतात, हेच तर त्या तपासणीचं उत्तर होतं. हजारोंनी भरती झाली म्हणजे तपासलं नाही, साधं गणित आहे. त्याच सीरियाच्या युद्धासाठी म्हणून पूर्व युरोपातनं विकत घेतलेली हत्यारं आयसिसकडं सापडली, एक तर कारखान्यातनं निघाल्यापासून दोन महिन्यांच्या आत.

परदेशातल्या अन्यायाकडं पाठ फिरवा असं मी अजिबात म्हणत नाही, सोलापूरच्या माणसानं तर म्हणूच नये. १९३८ मध्ये आमच्या गावचा एक पोरगा, डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जपानी आक्रमण चालू असताना चीनला गेला, आणि तटस्थ वगैरे काही नव्हता, एका लढणाऱ्या फौजेबरोबरच राहिला, ऑपरेशन करत करत १९४२ ला तिथंच गेला, वय बत्तीस. तीपण परकीय मदतच होती. पण नेलेला चाकू कुणाच्या अंगावर वापरला जाणार आणि कशासाठी, हे त्याच्याच हातात होतं. हत्यारांचा कंटेनर पाठवणाऱ्याला एवढीच अट घालून बघा, की तू पाठवलेली प्रत्येक बंदूक कुणावर चालली त्याला तू जबाबदार, आणि तुझी अब्रूपण आणि तुझा तुरुंगपण. किती कंटेनर निघतील बंदरातनं?

बरं, काकांचं राहिलं. नऊ लाखांतले दोन परत आले, तेपण पंचायत बसवून. मागच्या जूनमध्ये मी गावाकडं गेलेलो, ओसरीत बसलो होतो, काकांचा फोन वाजला. तोच मुकादम. दादा चुकलं, तिकडं फसलो, ह्या वर्षी तुमच्याकडंच येतो, टोळी तयार आहे. मला वाटलं काका शिव्या घालतील. हार्वेस्टर परवडत नाही, दुसरा मुकादम मिळत नाही, कारखान्याचा करार डोक्यावर. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, माझ्याकडं पाठ केली आणि विचारलं, "किती कोयते?"